दोन औषधे हरली, तरी वाट उरते

घरातला कमावता मुलगा एकटाच बडबडतो, नसलेले आवाज ऐकतो, ताटात कोणी विष कालवले म्हणून जेवत नाही. ही करणी नव्हे, बाधाही नव्हे. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा मेंदूचा आजार आहे. पुष्कळ रोग्यांना नेहमीच्या औषधांनी उतार पडतो. परंतु दोन निरनिराळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे नेमाने देऊनही गुण आला नाही, तर आजार औषधाला दाद देत नाही असे डॉक्टर म्हणतात. घरची माणसे इथेच हात टेकतात. तसे करू नये.

अशा रोग्यांसाठी क्लोझापीन हे औषध आहे. १९७० नंतर ते युरोपात वापरात आले. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या व त्यांतले आठजण दगावले. अनेक ठिकाणी ते बंद झाले. पुढे १९८८ साली अमेरिकेतील पाहणी प्रसिद्ध झाली. इतर औषधांनी बरे न वाटलेल्या रोग्यांपैकी शंभरी तिसांना क्लोझापीनने सहा आठवड्यांत गुण आला. जुन्या औषधाने शंभरी चौघांनाच. तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा आले.

घरच्यांनी एवढे पाळावे :

१. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्त तपासावे. सुगी असो वा पेरणी, खेप चुकवू नये.

२. ताप, घसादुखी, छातीत दुखणे किंवा धाप लागल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

३. शौचास साफ होत नसेल तर दुर्लक्ष करू नये. आतडे बंद पडून जीवावर बेतते.

४. गोळ्या दोन दिवस चुकल्यास पूर्वीची मात्रा एकदम देऊ नये. डॉक्टर ती पुन्हा थोडक्यापासून चढवतात.

५. बिडी एकाएकी सोडल्यास रक्तातील औषध वाढते. सोडणे चांगलेच, पण आधी डॉक्टरांना सांगावे.

लाळ गळते, झोप येते, वजन व साखर वाढते. यांवर उपाय असतात. म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

गोव्यात बांबोळीला आणि बेळगावकरांना धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहेत. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोनने फुकट सल्ला मिळतो. प्रार्थना चालू ठेवावी, गोळीही चालू ठेवावी.