टोपलीतला नाग आजारी असतो



नागपंचमीला ग्वाल्हेरच्या गल्ल्यांत सपेऱ्याची पुंगी वाजते. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, नाग विकत घेऊन घरी बरा करू या का?" त्याची दया मला आवडली, पण उत्तर 'नाही' असेच द्यावे लागले.

पकडलेल्या नागाचे विषदंत बहुधा मोडलेले असतात. त्यामुळे तोंडात जखम होऊन पू होतो. तो दूध पितो ते केवळ तहानेने. त्याला दूध पचत नाही आणि ते फुफ्फुसात गेले तर सूज येऊन तो मरतो. शिवाय विषदंत पुन्हा उगवतात! असा रुग्ण घरी कसा सांभाळणार? आपण एक विकत घेतला तर सपेरा दुसरा पकडणार. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे नाग पाळणे हा गुन्हाच आहे.

मग काय करावे? दूर राहावे, गर्दी करू नये, वनविभागाला कळवावे. कुणाला दंश झालाच तर आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. हात-पाय न हलवता रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्यावे.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पूजण्याची जुनी प्रथा होती. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे प्रतिमेची पूजा होऊ लागली.

पालकांना विनंती, पाटावर गंधाने नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवण्याची आपली रीत मुलांना शिकवा. त्यात पूजाही होते आणि नागही वाचतो.

— मुख्याध्यापक