काडीकिड्यांचा संग्रह : किड्याइतकीच मोलाची चिठ्ठी



परिसर अभ्यासात 'नमुने गोळा करा' हा उपक्रम आपण सगळेच घेतो. मुलं पानं, पिसं, शंख, बिया आणतात. वहीत चिकटवतात. वर्ष संपलं की वही रद्दीत जाते. कारण पान कुठलं, कधी उचललं, कुणी आणलं, हे त्यावर लिहिलेलंच नसतं. ही नोंद का लागते, हे समजून घ्यायला आज एका वेगळ्या छंदाची ओळख करून घेऊया. तो छंद म्हणजे वाळवून टिकवलेले काडीकिडे जमवणं आणि त्यांची देवाणघेवाण करणं.

काडीकिडा म्हणजे कोण?

पावसाळ्यात कुंपणावर एखादी वाळकी काडी हळूच चालायला लागली, तर तो काडीकिडा समजावा. त्याचेच भाईबंद हुबेहूब पानासारखे दिसतात, त्यांना पर्णकीटक म्हणतात. जगात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. हे सगळे पाला खाऊन जगतात. बोर्निओतल्या एका काडीकिड्याची लांबी पुढे पसरलेले पाय धरून ५६.७ सेंटीमीटर भरली होती. म्हणजे आपल्या वर्गातली फूटपट्टीसुद्धा कमी पडेल! २००८ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं. पुढे चीनमध्ये ६० सेंटीमीटरहून लांब काडीकिडाही सापडला.

भारताचा आणि या छंदाचा एक जुना संबंध आहे. काराउसियस मोरोसस हा तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांकडचा काडीकिडा. तो शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात गेला आणि तिथल्या शाळांमध्ये, प्रयोगशाळांमध्ये रुळला. त्याची मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. एक किडा आणला की वर्गभर पिल्लं! तिकडच्या कितीतरी मुलांनी जवळून पाहिलेला पहिला किडा हा आपला भारतीय काडीकिडा आहे.

नमुना टिकवतात कसा?

काडीकिडा लांब, नाजूक आणि पोटाने मऊ. तसाच ठेवला तर सडतो आणि काळा पडतो. म्हणून मोठ्या किड्याच्या पोटाला बारीक चीर देऊन आतडी काढतात आणि जागा कापसाने भरतात. मग फळीवर टाचण्यांच्या आधाराने पाय आणि पंख मांडून तो नीट वाळवतात. हिरवा रंग वाळताना तपकिरी होतो. तो टिकावा म्हणून काही जण नमुना ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. वाळल्यावर पाय पापडासारखे मोडतात. शिवाय वाळलेले किडे खाणारे बारीक भुंगेरे असतात, एकदा पेटीत शिरले की संग्रहाचा भुगा करतात. त्यामुळे पेटी घट्ट बंद होणारी लागते.

हे काम मोठ्यांचं आहे, रसायनं लागतात. मुलांकडून करून घ्यायचं नाही.

देवाणघेवाण कशी चालते?

वाळवलेला नमुना पंख मिटून कागदाच्या पाकिटात जातो. घेणारा तो ओलसर डब्यात ठेवून मऊ करतो आणि स्वतःच्या पद्धतीने मांडतो. सगळे अवयव शाबूत असतील तर 'ए-वन', पाय किंवा मिशी तुटलेली असेल तर 'ए-टू' असा दर्जा लावतात. नर-मादी दिसायला फार वेगळे असल्याने जोडीला मागणी जास्त. ब्रिटनमध्ये १९८० पासून काडीकिड्यांच्या अभ्यासकांचा आणि हौशींचा 'फॅसमिड स्टडी ग्रुप' आहे. प्राग, पॅरिसजवळचं जुव्हिझी अशा ठिकाणी कीटकांचे बाजारच भरतात.

हा व्यवहार नवा नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ या काळात मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरला आणि त्याने सव्वा लाखावर नमुने जमवले. जास्तीचे नमुने लंडनमधल्या दलालामार्फत विकून तो प्रवासाचा खर्च काढायचा. विल्यम विल्सन सॉन्डर्स हा विमा व्यवसायातला हौशी संग्राहक त्याचा एक गिऱ्हाईक. सॉन्डर्सच्या संग्रहावरून हेन्री बेट्सने १८६५ मध्ये काडीकिडे-पर्णकीटकांच्या ५२ नव्या जातींचं वर्णन छापलं. वॉलेस कोणता नमुना कोणत्या बेटावरचा, हे काटेकोरपणे लिहायचा. त्या नोंदींमुळेच बाली आणि लोंबोक ही बेटं शेजारी असूनही त्यांचे प्राणी वेगळे आहेत, हे त्याला ठामपणे मांडता आलं.

जुन्या नमुन्यांनी दिलेली साक्ष

ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर हाताच्या पंजाएवढा, जाडजूड, काळा काडीकिडा होता. लोक त्याला 'झाडावरचा शेवंड' म्हणत. १९१८ मध्ये 'मकाम्बो' जहाज तिथे खडकाला लागलं आणि जहाजावरचे उंदीर बेटावर उतरले. थोड्याच वर्षांत किडा दिसेनासा झाला. जात संपली असंच सगळे धरून चालले.

२००१ मध्ये जवळच्या 'बॉल्स पिरॅमिड' या समुद्रातल्या उभ्या सुळक्यावर, एका झुडपाखाली तसेच मोजके किडे सापडले. २००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या आणि त्यांची पैदास सुरू झाली. पण हे किडे संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांपेक्षा थोडे वेगळे दिसत होते. ही तीच जात की दुसरी? दुसरी असेल, तर त्यांना मूळ बेटावर सोडायचं कसं?

उत्तर पेटीतल्या वाळलेल्या किड्यांनी दिलं. त्यांचा डीएनए जिवंत किड्यांशी ताडून पाहिला आणि २०१७ मध्ये सिद्ध झालं की जात एकच आहे. ते जुने नमुने कुठले, हे लिहून ठेवलेलं नसतं तर त्यांची साक्ष कुणी मानली असती?

दुसरी बाजू

जिथे पैसा आला तिथे हावही येते. मोठ्या, दुर्मिळ जातींना चढी किंमत मिळते म्हणून रानातून किडे ओरबाडले जाऊ शकतात. जबाबदार छंदी लोक घरी पैदास केलेल्या किड्यांचेच नमुने घेतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि जैवविविधता कायदा २००२ लागू आहेत. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय साधा किडाही उचलता येत नाही. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषीही ठरवलं.

वर्गात काय करता येईल?

किडा मारायचा नाही, पण चिठ्ठी लिहायची. प्रत्येक नमुन्याला (गळलेलं पान, बी, पीस, रिकामा शंख किंवा किड्याचं नुसतं चित्र) एक छोटी चिठ्ठी जोडायला सांगा :

१. कुठे मिळालं? (गाव, नेमकी जागा)
२. कधी? (तारीख, महिना, वर्ष)
३. कुणाला मिळालं?
४. कशावर किंवा कशाखाली होतं?

मग मुलांना आपसात नमुने बदलू द्या. नियम एकच : चिठ्ठीशिवाय अदलाबदल नाही. शेवटी चर्चेला हे प्रश्न घ्या :

* चिठ्ठी हरवलेला सुंदर नमुना आणि चिठ्ठी असलेला मोडका नमुना, यांपैकी अभ्यासाला कोणता उपयोगी? का?
* एखादी वस्तू उचलण्याआधी कोणता विचार करावा?

पालकांनीही मुलाचा शंखांचा किंवा बियांचा डबा 'कचरा' म्हणून फेकण्याआधी त्याला एक पेन आणि चार कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. पहिली चिठ्ठी शेजारी बसून लिहून घ्या, पुढच्या तो स्वतः लिहील.