घरचे उत्पन्न घटले तरी शिक्षण थांबू नये
बुलढाणा जिल्ह्यातील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी सवलती आणि महाविद्यालयाची निवड

बुलढाणा जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचा संसार कापूस आणि सोयाबीन या दोन पिकांवर, आणि ही दोन्ही पिके पावसावर अवलंबून आहेत. पाऊस एकाच वर्षात दोन टोके कशी गाठू शकतो, याचा अनुभव २०२३ साली जिल्ह्याने घेतला. त्या वर्षी जुलै महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याकडील जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरडून नेली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी शासनाने राज्यातील ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बुलढाणा आणि लोणार हे तालुके होते. त्यापूर्वी, २००६ साली, केंद्र शासनाने शेतीसंकटामुळे विशेष मदत जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांतही बुलढाण्याचा समावेश होता. उत्पन्नाची अशी अचानक घट ही या जिल्ह्यात नेहमी भेटणारी अडचण आहे.

या घटीचा आघात प्रथम कोठे होतो, हे शिक्षकांना चांगले ठाऊक असते. बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात, आणि त्याच आठवड्यांत बियाणे व खते घ्यावयाची असतात. हातात पैसा एकच आणि तोंडे दोन. अशा वेळी चांगले गुण मिळविलेल्या मुलाची, आणि त्याहूनही आधी मुलीची, ‘एक वर्ष थांबू’ या शब्दांत समजूत घातली जाते. थांबलेले ते एक वर्ष पुष्कळदा शिक्षणाचा शेवट ठरते. वास्तविक, उत्पन्न घटलेल्या कुटुंबातील गुणवंत विद्यार्थ्यासाठी आज बऱ्याच सवलती उपलब्ध आहेत. मात्र त्या आपोआप मिळत नाहीत. त्या मागाव्या लागतात, आणि वेळेवर मागाव्या लागतात.

घट कागदावर आली पाहिजे

शेतात पीक बुडाले, कारखान्यातील काम सुटले किंवा कर्ता पुरुष निवर्तला, ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत असते. शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाला मात्र ती तहसील कार्यालयाच्या उत्पन्न दाखल्यावरूनच कळते. अमेरिकेत पालकाची नोकरी सुटल्यास महाविद्यालयातील अर्थसहाय्य अधिकारी पुरावे पाहून त्या विद्यार्थ्यापुरता फेरविचार करू शकतो. आपल्या पद्धतीत तसा अधिकार महाविद्यालयाला नाही. आपल्याकडे उत्पन्नाचा ताजा दाखला हाच विद्यार्थ्याचा अर्ज, पुरावा आणि युक्तिवाद असतो.

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. दाखला सामान्यतः संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. ३१ मार्चपूर्वीच्या हंगामात झालेले नुकसान त्याच वर्षीच्या दाखल्यात उतरू शकते. जून महिन्यात सुटलेल्या नोकरीचा परिणाम मात्र पुढील वर्षीच्या दाखल्यातच दिसेल. म्हणून जुना, चांगल्या वर्षातील दाखला घरात आहे एवढ्यावर समाधान मानू नये. एप्रिल महिन्यातच सातबारा, आठ-अ, तलाठ्याचा अहवाल आणि नोकरी असल्यास वेतनाचे कागद यांच्या आधारे नवा दाखला मागावा. हा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास अपील करता येते. अर्जाची पोच जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पहिल्या वर्षी उत्पन्नमर्यादेच्या वर असलेले कुटुंब दुसऱ्या वर्षी मर्यादेखाली आले, तर विद्यार्थ्याने ‘गेल्या वर्षी मिळाली नाही, म्हणजे आता मिळणार नाही’ असे गृहीत धरू नये. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात नवा दाखला दाखवून विचारणा करावी.

उत्पन्नमर्यादेच्या पायऱ्या

निरनिराळ्या योजनांच्या उत्पन्नमर्यादा निरनिराळ्या आहेत. त्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे समजून घेतल्यास गोंधळ टळतो. उत्पन्न एक पायरी खाली आले की आणखी एका योजनेचे दार उघडते.

पहिली पायरी वार्षिक ८ लाख रुपयांची. या मर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झाला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत आहे. स्त्रीच्या न्यायाचा प्रश्न १८८२ साली निर्भयपणे मांडणाऱ्या ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांच्या गावात शुल्काअभावी मुलीचे नाव महाविद्यालयातून कमी होण्यास आता सबळ कारण उरलेले नाही.

याच ८ लाखांच्या मर्यादेत खऱ्या अर्थाने गुणवत्तेवर मिळणारी एक सवलत आहे, ती म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची शिक्षण शुल्क माफी योजना. पदवी व पदविका तंत्रशिक्षणात मंजूर जागांच्या पाच टक्के इतक्या अधिकच्या जागा या योजनेत गुणानुक्रमे भरल्या जातात आणि त्या जागेवरील विद्यार्थ्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. या जागांचा पसंतीक्रम अर्जात वेगळा सांकेतांक भरावा लागतो. तो न भरल्यास चांगले गुण असूनही संधी हुकते. अशा जागेवर प्रवेश घेतल्यावर संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी साडेचार लाखांची. बारावीला आपल्या मंडळात ८० व्या शतमकाच्या वर गुण मिळविणारा विद्यार्थी केंद्र शासनाच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतो. निवड झाल्यास पदवी शिक्षणाच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांनाही लागू असल्याने साध्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी पायरी साडेतीन लाखांची. ही शाळेतील मुलांसाठी आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती दिली जाते. नववी ते बारावी अशी चार वर्षे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत मूल पोचावे यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी या परीक्षेकडे विशेष लक्ष द्यावे.

चौथी पायरी अडीच लाखांची. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना या मर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळत असल्याने उत्पन्न घटलेल्या कुटुंबाला तिचा आधार मोठा आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून खेड्यातील मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या भाऊसाहेबांचे नाव या योजनेला देणे उचितच होय. शुल्क माफ होऊनही राहण्याच्या खर्चापायी शिक्षण सुटते, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

छापील शुल्क आणि पदरचा खर्च

महाविद्यालय निवडताना पालक बहुधा माहितीपुस्तिकेतील शुल्काचा आकडा पाहतात. तो आकडा अपुरा असतो. शुल्कातून सवलत वजा करावी, त्यात राहणे, जेवण व प्रवास यांचा खर्च मिळवावा, आणि जो येईल तो पदरचा खर्च समजावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घराजवळच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ९०,००० रुपये व इतर शुल्क १०,००० रुपये आहे. दूरच्या शासकीय महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ३०,००० व इतर शुल्क ५,००० रुपये आहे. वरवर पाहता एक लाख आणि पस्तीस हजार अशी ही तुलना झाली. आता निम्म्या शुल्काची सवलत मिळणाऱ्या मुलाचा हिशेब करू. घराजवळ त्याला ४५,००० अधिक १०,००० आणि एस.टी. पासाचे वर्षाला सुमारे ८,००० धरल्यास ६३,००० रुपये लागतील. दूरच्या ठिकाणी १५,००० अधिक ५,००० आणि वसतिगृह व खानावळीचे ४५,००० धरल्यास ६५,००० रुपये लागतील. म्हणजे दोन्ही खर्च जवळजवळ सारखेच. दूरच्या ठिकाणी निर्वाह भत्ता मिळाला तर ते स्वस्त पडेल. घराजवळ शुल्क माफीची जागा मिळाली तर तेथील खर्च अवघा १८,००० रुपयांवर येईल. असा हिशेब एका वर्षाचा न करता पूर्ण अभ्यासक्रमाचा करावा.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते व ते प्रसिद्ध होते. त्याहून अधिक रक्कम मागितल्यास पावतीचा आग्रह धरावा. देणगीच्या रूपाने प्रवेशासाठी पैसे घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

जिल्ह्यातील व विभागातील सोयी

कला, विज्ञान व वाणिज्य शाखांसाठी अनुदानित महाविद्यालय हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, कारण तेथील अनुदानित पदांचे वेतन शासन देते. खामगावचे गो.से. महाविद्यालय १९४७ पासून हे कार्य करीत आहे. पदविकेसाठी खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर पदविका आणि नंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश, हा क्रम तंगीतील कुटुंबाला विशेष सोयीचा ठरतो. मुलगा मध्येच कमावता होऊ शकतो. शेगाव येथे १९८३ पासून, तसेच चिखली व मलकापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अमरावतीस १९६४ साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आणि २०२४ पासून बुलढाण्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ज्यांना काम करीतच शिकणे भाग आहे, त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

काही सावधगिरी

शासकीय सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा कितीही सोयीची वाटली, तरी तेथे शुल्क सवलत मिळत नाही. अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना राजर्षी शाहू योजना लागू नाही. घाईने घेतलेला असा एक प्रवेश कुटुंबाला चार वर्षांच्या कर्जात लोटू शकतो.

शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटी प्रणालीद्वारे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. खाते जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडते. ही रक्कम शुल्क भरण्याच्या दिवशी हातात असेलच असे नाही. म्हणून हप्त्यांची सवलत प्रवेशाच्या वेळीच लेखी मागावी.

सर्व मार्ग पाहूनही तूट उरल्यास शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूदही आहे. सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी बँकेचे दार ठोठवावे.

गावाने काय करावे

हे सर्व एकट्या पालकाने करावे, अशी अपेक्षा रास्त नाही. ज्या घरावर नुकतेच संकट कोसळले आहे, त्या घरात अर्जांच्या तारखा लक्षात ठेवण्याचे भान कोणाला असणार? येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम सुरू होते.

शिक्षकांनी मार्च महिन्यातच दहावी व बारावीच्या वर्गातील, ज्यांच्या घरी त्या वर्षी उत्पन्न घटले आहे, अशा विद्यार्थ्यांची यादी करावी. ही यादी वर्गात वाचून दाखवू नये. घरी जाऊन बोलावे. तलाठी व मंडळ अधिकारी यांनी महाराजस्व अभियानातील शिबिरांत या यादीतील दाखल्यांना अग्रक्रम द्यावा. ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या ग्रामसभेत योजनांच्या मर्यादा व कागदपत्रे वाचून दाखवावीत आणि ती सूचनाफलकावर लावावीत. दुष्काळ जाहीर झालेल्या गावांत परीक्षा शुल्क माफीची सवलत असते. ती प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोचली की नाही, हे सरपंचांनी स्वतः पाहावे.

बुडालेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. सुटलेली जागा पुढच्या वर्षी त्याच मुलाची वाट पाहत नाही. उत्पन्न घटल्याचा एक ताजा दाखला, सवलत वजा करून केलेला एक हिशेब आणि वेळेत भरलेला एक अर्ज, एवढ्यावर एका मुलाचे महाविद्यालय टिकू शकते. येत्या प्रवेशकाळात आपल्या गावातील अशी एकही जागा केवळ माहितीअभावी सुटणार नाही, याची दक्षता प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि प्रत्येक शाळेने घ्यावी.