निगेटिव्ह फीडबॅक द्या, पण नीट द्या!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'परीक्षा'ला पहिली वेलांटी की दुसरी, हे अजून आईला फोन करून विचारते. तेव्हा चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सिलॅबसमधलाच आहे.

गेल्या डिसेंबरात मुंबईत एका कॉमिक्स-ॲनिमेच्या फॅन कन्व्हेन्शनला आम्ही हॉस्टेलच्या सहाजणी गेलो. माझ्या रूममेटने कॉस्प्ले स्पर्धेसाठी दोन महिने खपून फोमचं चिलखत बनवलं होतं. ग्लू गनने बोटं पोळली, एक सबमिशन बुडालं, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तिकिटासोबतच्या मेलमध्ये लिहिलं होतं, स्पर्धकांनी दुपारी ३ ला यावे. आम्ही २ लाच हजर. तर नोंदणी १२ ला बंद! वेळ बदलल्याचं आदल्या रात्री फक्त एका इन्स्टाग्राम स्टोरीत टाकलं होतं. आम्ही पॅकिंग करत होतो, स्टोरी कोण बघतंय? गेटवरचा व्हॉलंटियर म्हणाला, "आत विचारा." आतला म्हणाला, "गेटवर विचारा." परतीच्या गाडीत ती मुलगी एक शब्द बोलली नाही.

त्याच रात्री मी आयोजकांना मेल ठोकला. सुरुवातच "तुम्हाला लाज वाटत नाही का?" अशी. बाकीच्या चौघींनी तोच मेल कॉपी करून पाठवला. उत्तर? शून्य.

मग कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला डोक्यात प्रकाश पडला. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर नेला की कसा किंचाळतो? तो पॉझिटिव्ह फीडबॅक. आवाजात आवाज मिसळत जातो, ऐकू काहीच येत नाही. आमचे पाच मेल म्हणजे तेच होतं. सिस्टिमला ताळ्यावर आणतो तो निगेटिव्ह फीडबॅक. तो काय करतो? हवं ते आणि मिळालं ते, यांतला फरक मोजून परत पाठवतो. बस्स! त्यावरून मी हे पाच मुद्दे काढले.

१) रेफरन्स द्या. काय सांगितलं होतं? "अमुक तारखेच्या मेलमध्ये ३ ची वेळ होती." मूळ मेल सोबत जोडा.

२) आउटपुट द्या. काय घडलं? कुठल्या गेटवर, किती वाजता. "सगळा सावळा गोंधळ होता" हे मोजमाप नव्हे.

३) गेन कमी ठेवा. "लाज" वगैरे शब्द काढा. समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो आणि मुद्दा राहतो बाजूला.

४) डिले टाळा. आपल्या बाथरूममधला सोलरचा नळ आठवा. गरम पाणी उशिरा येतं, आपण नळ अजून फिरवतो आणि शेवटी भाजून घेतो. राग ओसरू द्या, पण आठवडाभरात लिहा. नंतर कमिटी पांगते.

५) दुरुस्ती सुचवा. एकच, जमण्यासारखी.

याचं मोठं उदाहरण वर्ल्डकॉनचं. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं हे संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. ते चालवतात स्वयंसेवक, आणि दरवर्षी कमिटी वेगळी. तिथेच ह्यूगो पुरस्कार देतात. २०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चेंगडूला झालं. पुरस्कार ऑक्टोबरात दिले, पण नामांकनांचे सविस्तर आकडे आले जानेवारी २०२४ मध्ये. त्यात आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल' कादंबरीपुढे नुसतं 'अपात्र' लिहिलेलं. कारण नाही! चाहते भडकले, साहजिकच. पण शिव्यांपेक्षा टिकला तो एक साधा प्रश्न : कुठल्या नियमाने?

पुढचं वर्ल्डकॉन ग्लासगोचं. त्यांनी आधीच जाहीर केलं की कुणी अपात्र ठरलं तर कारण सांगू आणि सोहळा संपताच आकडे देऊ. जुलै २०२४ मध्ये ३७७ मतं बाद केली, तेव्हा का बाद केली हे निकालाआधीच स्वतःहून सांगितलं. निर्णय अप्रियच, पण कळवण्याची पद्धत बघा.

आता आमचं काय झालं? मी दुसरा मेल लिहिला, दहा ओळींचा. शेवटी एकच सूचना : वेळ बदलली तर नोंदणी केलेल्यांना एसएमएस करा. तीन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी आमच्याच वयाची, कॉलेजात शिकणारी व्हॉलंटियर होती. ऐन वेळी स्टेज बदललं, कळवायचं काम तिच्या एकटीवर होतं, स्पर्धकांची यादी तिच्याकडे नव्हतीच. तिने माफी मागितली आणि सूचना कमिटीपुढे ठेवते म्हणाली. पैसे परत मिळाले नाहीत. रूममेटचा तो दिवस तर नाहीच नाही. चिलखत अजून आमच्या कपाटावर आहे.

आणि हो, गेल्या महिन्यात आपल्या टेक फेस्टची क्विझ सेमिनार हॉलमधून ड्रॉइंग हॉलमध्ये कुणी हलवली आणि नोटीस फक्त बॉइज हॉस्टेलच्या बोर्डवर कुणी लावली? अस्मादिकांनीच. फर्स्ट इयरच्या एका मुलीने चिठ्ठी आणून दिली. काय लिहिलं होतं, काय झालं, पुढे काय करा. तीन ओळी. वाचून कान गरम झाले, पण दुसऱ्या दिवशी चारही बोर्डांवर नोटीस लागली.

या लेखातल्या चुकाही अशाच तीन ओळींत कळवा. वेलांट्यांसकट!