बॉनेटला पिना बसवायच्यात? आधी लॉक बघा

पसरणी घाट चढताना बॉनेट खडखडायला लागलं की बऱ्याच जणांना रॅलीच्या गाड्यांवरच्या त्या चकचकीत पिना आठवतात. पाच-सातशे रुपयांत ऑनलाइन जोडी मिळते, तासाभरात बसते, मग घोडं अडतं कुठे? पिना स्वस्तच असतात. महाग पडतात ती त्यांच्यासाठी पाडलेली भोकं.

आतला खटका ओढला की बॉनेट बोटभर उचलतं, आणि पुढे फटीत बोट घालून आणखी एक हुक सरकवावा लागतो. हा सेफ्टी कॅच. मुख्य लॉक सुटलं तरी वाऱ्याने बॉनेट उलटून काचेवर आदळू नये, यासाठी तो असतो. पाचगणीत या दोन्ही लॉकांची परीक्षा असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धुकं, एरवी जांभ्याची लाल धूळ. ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की घट्ट लगदा होतो आणि हुक पुरता मिटत नाही. केबलच्या आवरणात पाणी शिरलं की तार गंजते आणि खटका जड होतो. कडेचे रबरी बंपर झिजले असतील तर लॉक ठीक असूनही बॉनेट थरथरतं. यातलं एकही दुखणं पिनांनी बरं होत नाही, फक्त झाकलं जातं.

खर्च आता. आकडे अंदाजाचे आहेत. मॉडेल, गॅरेज आणि तुमची घासाघीस यांवर बदलतील. लॉक रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून, जुळवून देण्याचे शे-दोनशेपासून चारशेपर्यंत. रबरी बंपर शंभर-दीडशेत. छोट्या गाडीची केबल मजुरीसह ५०० ते १,२००, आणि लॉकचा पूर्ण संच साधारण ८०० ते २,०००. साधा माल वाईत मिळून जातो; नवीन मॉडेलचा अस्सल संच हवा असेल तर साताऱ्याला चौकशी करा. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. २८ टक्क्यांचं जुनं गणित कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

जुन्या जीपची गोष्ट निराळी. तिच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी बाहेरचे क्लॅम्प मुळातच असतात. ते सैल झाले तर नवी जोडी काही शेकड्यांत मिळते, स्क्रू जुन्याच भोकांत बसतात. त्यात रबरी पट्टी आणि स्प्रिंग तेवढी नीट पाहा.

खऱ्या पिना शोभतात त्या स्पर्धेच्या गाडीला किंवा फायबरचं हलकं बॉनेट बसवलेल्या गाडीला. रॅलीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बॉनेटला किमान दोन जादा बंधनं लागतात, आणि ती कुठे आहेत हे दाखवायला लाल किंवा उठून दिसणारे बाण रंगवायचे असतात. अपघातानंतर मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला बॉनेट पटकन उघडता यावं, हा त्यामागचा हेतू.

तुमचा हट्ट कायमच असेल तर मिस्त्री काय करतो ते उभं राहून बघा. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर तो आधी पिनेचा खुंट बसवतो. खुंटाच्या टोकाला ओला रंग लावून बॉनेट हळूच टेकवतो. आतल्या बाजूला ठिपका उमटतो, तिथे आधी बारीक भोक, मग मोठं. हा ठिपका बॉनेटच्या आतल्या दुहेरी पट्टीवर आला तर खुंटाची जागा बदलायला सांगा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रिल किती खोल जातंय. रेडिएटरच्या पुढेच एसीचा कंडेन्सर असतो. त्याला टोक लागलं तर गॅस गेला आणि कित्येक हजारांची फोडणी. भोकांच्या कडा प्रायमर आणि रंगाने त्याच दिवशी बंद करून घ्या. इथल्या पावसाळ्यात उघडा पत्रा आठवडाभरात तांबूस होतो. मजुरी ५०० ते १,५०० धरा, आणि हात चुकला तर बॉनेट पुन्हा रंगवण्याचे तीन-चार हजार वेगळे. पिना लावल्या म्हणून सेफ्टी कॅच काढू देऊ नका. दुकानदार कितीही सुटसुटीत म्हणो. बिनचावीच्या पिना असतील आणि मूळ लॉक काढलेलं असेल, तर रात्री बॅटरी कुणीही उचलू शकतो.

कागदपत्रांकडेही लक्ष असू द्या. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ रोखतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडक लावला. खासगी गाडीची १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होते, तेव्हा पिनांच्या वर आलेल्या टोकांवर बोट ठेवलं जाऊ शकतं. म्हणून साताऱ्याच्या आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होईल.

रोज वाई-पाचगणी-महाबळेश्वर करणाऱ्या साध्या गाडीला पिनांची गरज नाही. पावसाळ्याआधी लॉक साफ करून घ्या, केबल तपासा. हजार रुपयांच्या आत काम होऊन जातं.