‘शेजारी’ : एका बोलपटाचा अभ्यास



बोलपट ही केवळ करमणुकीची वस्तु आहे असें मानून पुष्कळ वडील मंडळी त्याकडे पाठ फिरवितात, आणि नेमक्या त्याच कारणानें पुष्कळ मुलें त्याकडे धांव घेतात. या दोन्ही पक्षांना माझी विनंती आहे कीं, एक जुना मराठी बोलपट आपण आज पाठ्यपुस्तकांतील धड्याप्रमाणें अभ्यासून पाहूं. त्याचें नांव ‘शेजारी’.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें हा बोलपट १९४१ सालीं काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, कथा विश्राम बेडेकर यांची आणि संगीत मास्टर कृष्णराव यांचें. हिंदींत तोच ‘पडोसी’ या नांवानें निघाला. काळ कोणता होता तें ध्यानांत घ्या. १९४० च्या मार्चमध्यें लाहोर येथें मुस्लिम लीगचा प्रसिद्ध ठराव झाला होता, आणि हिंदु व मुसलमान यांनीं एकत्र नांदावें कीं नाहीं हा प्रश्न गांवोगांवीं बोलला जात होता. अशा वेळीं एका हिंदूची व एका मुसलमानाची मैत्री हा विषय घेण्यास धैर्य लागत होतें. कथाकारांचा पिंडहि या विषयाला अनुकूल होता. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रणांगण’ या कादंबरींत जर्मनींतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी आणि एक हिंदी तरुण यांची कहाणी आहे. माणसाला केवळ त्याच्या वंशावरून हांकून देणें म्हणजे काय, याचा विचार त्यांनीं आधींच केलेला होता.

आतां कथा पाहूं. एका खेड्यांत जिवबा व मिर्झा असे दोन म्हातारे एकमेकांचे शेजारी आणि जिवलग मित्र आहेत. दोघांचाहि गांवांत मान आहे. तेथें बाहेरचा एक धनिक धरण बांधण्याच्या हेतूनें येतो. त्याला गांवची जमीन हवी आहे. गांव एकजुटीनें उभें असेपर्यंत आपला हेतु साधणार नाहीं हें त्याला कळून चुकतें, म्हणून तो त्या एकीच्या मुळावरच घाव घालतो. संशय पेरला जातो, आणि काल एकमेकांवांचून न करमणारे दोघे आज एकमेकांचें तोंड पाहीनासे होतात. शेवटीं धरण फुटतें. उसळत्या पाण्यांत ते दोघे पुन्हां एकमेकांना भेटतात आणि हातांत हात धरून प्राण सोडतात.

आपल्या भागांतील मुलांना धरण म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. दुधना नदीवरील धरण आपल्यापासून फार दूर नाहीं, आणि पाण्याची किंमत मराठवाड्याइतकी कोणाला ठाऊक असणार! तेव्हां बोलपटाचा रोख धरणावर आहे असें समजूं नका. पडद्यावर जें फुटतें तें दगडमातीचें, पण त्याच्या कितीतरी आधीं दोन घरांमधील विश्वास फुटलेला असतो. दिग्दर्शकानें हा क्रम जाणून ठेविला आहे.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. मराठी बोलपटांत जिवबाचें काम केशवराव दाते यांनीं आणि मिर्झाचें काम गजानन जागीरदार यांनीं केलें. हिंदींत मिर्झाचें काम जागीरदारांकडेच राहिलें, पण हिंदु पाटलाच्या जागीं आलेल्या ठाकुराचें काम मझहर खान यांना दिलें गेलें. म्हणजे ‘पडोसी’मध्यें हिंदु नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदु झाला! या योजनेंत एक पाठ आहे. दुसऱ्याचा पोषाख अंगावर चढवून, त्याच्या बोलींत दोन-अडीच तास रडावें-हंसावें लागलें, तर आपल्या मनांतील किती गोष्टी बदलतील याचा विचार तुम्हींच करावा.

या अभ्यासांतून पहिला सिद्धांत असा निघतो कीं, शेजाऱ्यांतील वैर पुष्कळदां तिसऱ्याच्या लोभांतून जन्मतें. परंतु सर्वच वैरांना ही किल्ली लागते काय? दुसरें एक उदाहरण घेऊं.

२००८ सालीं अमेरिकेंत ‘लेकव्ह्यू टेरेस’ नांवाचा एक थरारक चित्रपट निघाला. लॉस एंजेलिस शहराच्या एका उपनगरांत एक पोलीस शिपाई राहतो. तो काळ्या वर्णाचा आहे. त्याच्या शेजारच्या घरांत एक नवें जोडपें येतें. पति गोरा व पत्नी काळी. एवढेंच त्याला सहन होत नाहीं. रात्रीं त्याच्या घराचे प्रखर दिवे त्यांच्या निजायच्या खोलींत पडतात, आणि कुरापती काढतां काढतां गोष्ट रक्तपातापर्यंत जाते. ‘शेजारी’मध्यें शेवटीं पाणी येतें, तर येथें डोंगरांतील वणवा दिवसेंदिवस त्या वस्तीच्या जवळ येत राहतो. येथें वैर लावणारा तिसरा कोणी नाहीं. त्या शिपायाची पत्नी अपघातांत मरण पावली आहे, आणि त्या मृत्यूचा दोष तो एका गोऱ्या माणसाला देतो. तेंच दुःख आंतल्या आंत सडून त्याचा द्वेष झाला आहे. तेथील काळ्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या काय सोसलें हें प्रसिद्ध आहे. गोऱ्यांच्या वस्तींतील घर काळ्या माणसाला विकूं नये असे करार तेथें सर्रास होत. १९४८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असे करार न्यायालयांमार्फत अमलांत आणतां येणार नाहींत असा निकाल दिला, आणि घर देतांना वर्ण पाहण्याला कायद्यानें बंदी १९६८ सालीं झाली. चित्रपटाचा खरा चटका असा कीं, ज्यांनीं सोसलें त्यांच्यांतीलच एक माणूस येथें सोसावयास लावतो.

हा चटका आपल्याला लागूं नये असें वाटत असेल तर पुढचा परिच्छेद वाचूं नका.

१९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. त्या शहरांत त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमांत पारशी नांवानें ते कसेबसे राहिले. कांहीं दिवसांनीं काठ्या घेतलेला जमाव दारांत आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. त्यांनीं दोन मित्रांना आसरा मागितला. एक मित्र हिंदु होता. त्यानें आपली अडचण सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. ‘पत्नी उद्यां येणार आहे, तिला विचारावें लागेल,’ अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. तें कुटुंब मूळचें ब्राह्मण होतें, आणि धर्म बदलला तरी घरांतला सोवळेपणा गेला नव्हता. विलायतेंत विद्या संपादन केलेला तो तरुण एका सार्वजनिक बागेंत बसून रडला. हा वृत्तांत स्वतः बाबासाहेबांनींच लिहून ठेविला आहे.

मीं तो प्रथम वाचला तेव्हां पारश्यांचा मला राग आला, हिंदु मित्राचाहि आला. ख्रिस्ती मित्राच्या ओळीपाशीं मात्र मीं पुस्तक मिटलें.

कारण सांगतों. नवीन नोकरी लागली त्या वर्षीं एका तालुक्याच्या गांवीं मी खोली शोधीत होतों. भाडें ठरलें, चुना लावण्याचेंहि ठरलें. मग घरमालकांनीं आडनांव विचारलें, आणि लागलीच त्यांना आठवलें कीं, ती खोली मेहुण्यांसाठीं राखून ठेविलेली आहे. ती गोष्ट मीं पुढें अनेक वर्षें दुखावलेल्या अभिमानानें सांगत असें. परंतु माझ्या आईच्या स्वयंपाकघरांत, खिडकीच्या बाहेरच्या बाजूस, कान तुटलेला एक कप उपडा ठेविलेला असे. अंगण झाडणाऱ्या मावशींना चहा त्यांतून मिळे. त्या तो स्वतः विसळून पुन्हां जागेवर ठेवीत. आमच्या घरीं रोज प्रार्थना होई. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मला तोंडपाठ होती. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर मीं शाळेंत बक्षीसहि मिळविलें होतें. त्या कपाविषयीं मीं आईला एका शब्दानें विचारलें नाहीं. मावशी वारल्या, आईहि गेली. आतां विचारावयाचें कोणाला?

म्हणून पहिल्या सिद्धांताला दोन जोड देणें प्राप्त आहे. वैर कधीं लोभांतून येतें, कधीं जुन्या जखमेंतून येतें. पण सर्वांत चिवट दुरावा संवयींतून येतो. त्याला ओंकारासारखा धनिक लागत नाहीं कीं पोलीस शिपायाचा संतापहि लागत नाहीं. तो खिडकींत उपडा पडलेला असतो, आणि घरांतील कोणालाहि दिसत नाहीं.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. भारताच्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आहे. कुटुंबांना वाळींत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आहे. दार बंद करणाऱ्याला कायदा शासन करूं शकतो. दारांतून आंत आलेल्याला कोणत्या कपांत चहा द्यावा, हें घरच्या माणसांनींच ठरवावयाचें असतें.

शेवटीं अभ्यासासाठीं चार प्रश्न देतों.

१. ‘शेजारी’मध्यें धरण फुटण्याआधीं काय काय फुटलें, तें क्रमानें लिहा.

२. एका कथेंत पाणी आणि दुसरींत वणवा येतो. दोन्हींचा मनुष्यांच्या वर्तनाशीं काय संबंध आहे?

३. बडोद्यांतील त्या दोन मित्रांच्या जागीं तुम्ही असतां तर काय उत्तर दिलें असतें? खरें उत्तर लिहावें. चांगलें लिहिण्याचा प्रयत्न करूं नये.

४. आपल्या घरीं येणाऱ्या सर्व माणसांना पाणी व चहा कोणत्या भांड्यांतून मिळतो, तें एक आठवडा पाहा आणि वडील माणसांना त्याविषयीं आदरानें विचारा.

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून मजकडे आणावींत. चौथ्याचें उत्तर मला दाखविण्याची आवश्यकता नाहीं. तें पालकांनीं व मुलांनीं मिळून शोधावें, आणि आईवडील जवळ आहेत तोंवर शोधावें.