मान धरली की अर्धशिशी उठते का?

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत मान धरते, मग अर्धं डोकं ठणकतं. दोष मानेचाच का?
– एक वाचक भगिनी, अल्लीपूर (जि. वर्धा)

उत्तर : ताई, ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकलं की मान धरणारच. मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप मेंदूत एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून हा ताण अर्धशिशी चाळवू शकतो. पण पुष्कळदा उलटंच असतं : मान आखडणं हीच अर्धशिशीची सुरुवात! सोबत मळमळ, उजेड नकोसा होणं असेल, तर नुसती मान चोळून भागत नाही. ऊन, उपास, कमी पाणी हेही बघा. ओटी लवकर रिकामी करा. महिन्यात 10 दिवसांहून जास्त डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांनीच डोकं दुखू लागू शकतं. हात लुळा पडला किंवा तापात मान ताठली, तर तडक सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा.